अल्कोहोल, प्लॅटिनम आणि अवरक्त किरण

दिवाळीच्या सुमारास कोल्हापूर जिल्ह्यातील साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू होतो. उसाने भरलेल्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या कारखान्यांच्या दारात रांगा लावतात. कसबा बावड्यापासून वारणानगर, शिरोळ, बिद्रीपर्यंत हवेत मळीचा तो ओळखीचा गोडसर, आंबूस वास भरून राहतो. उसाच्या रसातील साखर काढून घेतल्यावर जो दाट, काळपट द्रव उरतो, ती मळी. तिच्यात अजून बरीच साखर असते, पण तिचे स्फटिक पाडणे परवडत नाही. म्हणून यीस्ट घालून मळी आंबवतात आणि ऊर्ध्वपातन करून तिच्यातून एथिल अल्कोहोल, म्हणजेच इथेनॉल मिळवतात. जिल्ह्यातील अनेक कारखान्यांना जोडून अशा डिस्टिलऱ्या आहेत.

हे इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळले जाते, हे तुम्ही ऐकले असेल. २०२५ साली आपल्या देशाने पेट्रोलमध्ये सुमारे २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट गाठले. परंतु इंजिनात जाळलेल्या इंधनाची पाव ते एक तृतीयांश ऊर्जाच गाडी ओढण्याच्या कामी येते. बाकीची उष्णतेच्या रूपाने वाया जाते. मग मनात प्रश्न येतो : इथेनॉल न जाळता त्यातून सरळ वीज मिळवता येणार नाही का?

तत्त्वतः येते. पण त्या वाटेवर एक अडचण दडून बसलेली होती. ती कोणती, हे समजायला शास्त्रज्ञांना बरीच वर्षे लागली, आणि ती शोधून काढली डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाने. त्याचीच ही हकीकत.

ज्योतीविना ज्वलन

मोरचुदाच्या द्रावणात तांब्याच्या दोन पट्ट्या बुडवून बॅटरी जोडण्याचा प्रयोग तुम्ही प्रयोगशाळेत केला असेल. एका पट्टीचे तांबे झिजते आणि दुसरीवर चढते. गुजरीत मिळणाऱ्या मुलाम्याच्या कोल्हापुरी साजावर सोन्याचा पातळ थर चढतो, तोही याच तत्त्वाने. द्रावणात बुडवलेल्या अशा विद्युत्‌भारित धातूला विद्युत्‌-अग्र म्हणतात. सारी रासायनिक देवघेव होते ती या अग्राच्या पृष्ठभागावर, जेथे धातू आणि द्रावण एकमेकांना भेटतात तेथे.

इंधन घटात हीच गोष्ट उलट्या दिशेने चालते. तेथे आपण वीज पुरवत नाही, तर मिळवतो. एका अग्रापाशी इंधनाचे रेणू आपले इलेक्ट्रॉन धातूला देतात. ते इलेक्ट्रॉन तारेतून प्रवास करतात, वाटेत दिवा लावतात किंवा मोटार फिरवतात, आणि दुसऱ्या अग्रापाशी ऑक्सिजनला मिळतात. शेवटी जे पदार्थ तयार होतात, ते इंधन जाळल्यावर होतात तेच, पण ज्योत नाही की धूर नाही. विल्यम ग्रोव्ह या शास्त्रज्ञाने १८३९ साली हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांच्यापासून अशी वीज मिळवून दाखवली होती.

इथेनॉलचा एक रेणू पूर्णपणे कार्बन डायऑक्साइड होईपर्यंत मोडला, तर त्यातून १२ इलेक्ट्रॉन मिळतात. हिशेब मांडला तर अशा आदर्श घटात इथेनॉलच्या ज्वलन-ऊर्जेपैकी सुमारे ९७ टक्के ऊर्जा विजेच्या रूपात मिळायला हवी. कागदावर इतके चांगले दिसणारे काम प्रत्यक्षात मात्र अडले.

अग्र कशाने मंदावते?

अल्कोहोलाचे रेणू मोडण्यासाठी प्लॅटिनम हा चांगला उत्प्रेरक आहे. सर्वांत साधे अल्कोहोल म्हणजे मिथेनॉल. त्याच्या द्रावणात प्लॅटिनमचे अग्र ठेवून योग्य विद्युत्‌ दाब दिला, तर आरंभी चांगला प्रवाह मिळतो. परंतु थोड्याच वेळात अ‍ॅमीटरचा काटा खाली घसरू लागतो. इंधन संपलेले नसते, प्लॅटिनमही झिजलेले नसते. मग झाले काय?

प्लॅटिनमच्या पृष्ठभागावर काहीतरी चिकटून बसते आणि नव्या रेणूंना जागाच उरत नाही, एवढे शास्त्रज्ञांनी ओळखले होते. पण हे 'काहीतरी' म्हणजे नेमके काय, यावर वाद होता. काहींच्या मते तो कार्बन, ऑक्सिजन आणि हायड्रोजन यांचा एकेक अणू असलेला, धातूला तीन हातांनी धरून बसलेला रेणूचा तुकडा होता. इतरांच्या मते तो निव्वळ कार्बन मोनॉक्साइड होता. बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून झोपणे जिवावर बेतते, ते याच वायूमुळे. तो रक्तातील हिमोग्लोबिनला घट्ट चिकटतो आणि ऑक्सिजनची जागा अडवतो. प्लॅटिनमवरही तो हाच प्रकार करत असेल काय?

हा वाद केवळ नावापुरता नव्हता. विष कोणते ते कळल्याशिवाय त्यावर उतारा कसा शोधायचा? आणि हातात साधन होते ते अ‍ॅमीटरचे. अ‍ॅमीटर किती इलेक्ट्रॉन गेले ते मोजतो, पण ते कोणी दिले हे सांगत नाही. बाजारात किती रुपयांची उलाढाल झाली हे कळावे, पण कोणी काय विकले ते कळू नये, तशी ही अवस्था होती. पृष्ठभागावरच्या रेणूला त्याचे नाव विचारण्याची सोय हवी होती.

रेणूंचे स्वर

१८०० साली विल्यम हर्शेल या खगोलशास्त्रज्ञाने सूर्यप्रकाशाचा वर्णपट पाडून त्यातल्या रंगांचे तापमान मोजले. तांबड्या रंगाच्या पलीकडे, जेथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते, तेथेही त्याचा तापमापक चढला. तेथे अदृश्य किरण होते. त्यांनाच आपण अवरक्त किरण म्हणतो.

रेणूंची ओळख पटवायला हे किरण फार उपयोगी पडतात. रेणूतील अणू जणू स्प्रिंगांनी जोडलेल्या गोट्या आहेत. त्या सतत कंप पावत असतात. स्प्रिंग जितकी ताठ, तितका कंप जलद. गोट्या जितक्या जड, तितका कंप संथ. कार्बन मोनॉक्साइडचा रेणू सेकंदाला सुमारे ६४ लाख कोटी वेळा कंप पावतो. योगायोग असा की अवरक्त प्रकाशलहरींची कंपनेही याच घरातली असतात. रेणूच्या कंपनाशी जुळणारा किरण आला, की रेणू तो शोषून घेतो आणि नेमक्या तेवढ्याच ठिकाणी वर्णपटात खाच पडते. ही खाच म्हणजे रेणूची सही. विल्यम कोब्लेन्ट्झ या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९०५ साली अनेक पदार्थांचे असे वर्णपट प्रसिद्ध केले, आणि पुढे रसायनशास्त्रज्ञांना ही सह्यांची वहीच मिळाली.

हे स्वर मोजण्याचे एकक म्हणजे तरंगांक. एका सेंटिमीटरात त्या प्रकाशाच्या किती लहरी मावतात, तो आकडा म्हणजे तरंगांक. मोकळ्या कार्बन मोनॉक्साइड वायूचा तरंगांक आहे २,१४३. पाण्यात विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडचा २,३४३. हे दोन आकडे ध्यानात ठेवा, पुढे ते कामी येणार आहेत.

यात्रेच्या गर्दीतला एक आवाज

आता तुम्ही म्हणाल, मग टाकावे अवरक्त किरण प्लॅटिनमवर आणि वाचावी सही! पण येथे पाणी आडवे येते. पाणी अवरक्त किरण फार जोराने शोषते. शिवाय साधी काच त्यांतल्या आपल्याला हव्या असलेल्या किरणांना जाऊच देत नाही.

अडचण किती मोठी आहे, ते पाहा. एक चौरस सेंटिमीटर प्लॅटिनमच्या पृष्ठभागावर सुमारे १३ नंतर १४ शून्ये एवढे अणू असतात. प्रत्येक अणूवर एक रेणू चिकटला, तरी त्याहून अधिक रेणू मावणार नाहीत. या पृष्ठभागावर पाण्याचा केवळ पाच मायक्रोमीटर जाडीचा, म्हणजे केसाच्या जाडीहून कितीतरी पातळ थर ठेवला, तरी चिकटलेल्या एका रेणूमागे पाण्याचे दहा हजारांहून अधिक रेणू येतात. चैत्र पौर्णिमेला जोतिबाच्या डोंगरावर हजारो लोक 'चांगभलं'चा गजर करीत असताना एकाच माणसाचा आवाज ओळखण्यासारखे हे काम आहे.

इंग्लंडमधील साउदॅम्प्टन विद्यापीठात अ‍ॅलन ब्यूइक आणि त्यांचे सहकारी यांनी १९८० च्या सुमारास यावर तोड काढली. युक्ती तशी साधी आहे. प्लॅटिनमचे अग्र आरशासारखे चकचकीत करायचे आणि अवरक्त किरण आरपार जाऊ देणाऱ्या पदार्थाच्या खिडकीजवळ इतके सरकवायचे, की मध्ये द्रावणाचा अगदी पातळ थर राहील. अशा खिडकीसाठी कॅल्शियम फ्लोराइडसारखे पदार्थ वापरतात. किरण खिडकीतून आत जातात, प्लॅटिनमवरून परततात आणि बाहेर येतात. मग अग्राचा विद्युत्‌ दाब बदलायचा आणि पुन्हा वर्णपट घ्यायचा. एकातून दुसरा वजा केला, की जे बदलले नाही ते सारे नाहीसे होते. पाण्याचा गलका दोन्ही वेळा तोच असतो, म्हणून तो वजाबाकीत जातो. उरते ते फक्त विद्युत्‌ दाबाबरोबर बदललेले. ब्यूइक यांनी दाब सेकंदाला अनेक वेळा वरखाली केला आणि त्याच तालावर डोलणारा सूक्ष्म संकेत विद्युत्‌ उपकरणांनी वेचून घेतला. आज संगणक शेकडो वर्णपटांची सरासरी काढून हेच काम करतो.

सरकणारा स्वर

या रीतीने पाहिल्यावर एक नवल नजरेस आले. प्लॅटिनमवर बसलेल्या कार्बन मोनॉक्साइडचा स्वर २,१४३ वर नसतो. तो २,०५० ते २,०८० च्या आसपास असतो, आणि स्थिरही नसतो. धातूचा दाब एक व्होल्टने धन बाजूला नेला, तर तो साधारण ३० ने वर चढतो.

मिरजेचा तंबोरा लावताना पाहिला आहे ना? खुंटी पिळून स्वर जवळपास जमला, की तारेतला मणी किंचित सरकवून तो बरोबर लावतात. येथे मण्याचे काम विजेचा भार करतो. कारण असे : प्लॅटिनम आपले काही इलेक्ट्रॉन चिकटलेल्या रेणूला जणू उसने देतो. हे इलेक्ट्रॉन कार्बन आणि ऑक्सिजन यांच्यामधली स्प्रिंग सैल करतात, म्हणून स्वर मोकळ्या वायूपेक्षा खाली उतरतो. धातू धनभारित होऊ लागला, की तो हात आखडता घेतो. स्प्रिंग पुन्हा ताठ होते आणि स्वर चढतो. शिवाय पृष्ठभागाजवळचे विद्युत्‌ क्षेत्र अतिशय तीव्र असते. एखादा व्होल्ट दाब, पण तो नॅनोमीटरच्याही आत उतरतो. म्हणजे मीटरला शंभर कोटी व्होल्टच्या घरातले क्षेत्र झाले! कोरड्या हवेत मीटरला सुमारे ३० लाख व्होल्टला ठिणगी पडते, यावरून कल्पना करा. हे क्षेत्रही रेणूचा स्वर सरकवते.

या सरकण्यातूनच शास्त्रज्ञांना एक कसोटी मिळाली. जो रेणू धातूला धरून बसला आहे, त्यालाच त्या क्षेत्राची झळ लागते आणि त्याचाच स्वर सरकतो. जो सुटून द्रावणात गेला, त्याचा स्वर आपल्या जागी राहतो. कार्बन डायऑक्साइड तयार झाला, की तो २,३४३ वर दिसतो आणि दाब कितीही बदलला तरी तेथून हलत नाही, कारण त्याने प्लॅटिनम सोडलेले असते. कोण बसला आहे आणि कोण उठून गेला, हे एका नजरेत कळते.

१९८१ साली फ्रान्समधील प्वातिए येथील बेर्नार बेदाँ आणि क्लोद लामी, साउदॅम्प्टनचे ब्यूइक आणि जपानचे केइजी कुनिमात्सु यांनी मिथेनॉलच्या द्रावणातील प्लॅटिनमचा असा वर्णपट प्रसिद्ध केला. त्यात कार्बन मोनॉक्साइडची सही स्पष्ट होती. बहुतेक रेणू एकेका प्लॅटिनम अणूवर उभे होते. थोडे रेणू दोन अणूंवर पूल टाकून बसलेले होते आणि त्यांचा स्वर १,८५० च्या आसपास होता. वाद एका दिवसात मिटला नाही, पण मुख्य विष कोणते हे कळले.

उताऱ्याची दिशाही त्यातून पक्की झाली. कार्बन मोनॉक्साइडला ऑक्सिजनचा एक अणू दिला, की तो कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातो. प्लॅटिनम पाण्यापासून हा ऑक्सिजन मिळवतो, पण त्याला बराच अधिक दाब लागतो. रुथेनियम हा धातू तेच काम कमी दाबावर करतो. प्लॅटिनम आणि रुथेनियम शेजारी ठेवले, तर एक रेणू मोडतो आणि दुसरा विष धुऊन काढतो, ही कल्पना जपानमध्ये वातानाबे आणि मोतू यांनी १९७५ साली मांडली होती. आता विष म्हणजे कार्बन मोनॉक्साइडच हे डोळ्यांपुढे आल्यामुळे तिला भक्कम आधार मिळाला.

पुन्हा उसाकडे

आता आपल्या मळीतल्या इथेनॉलकडे वळू. मिथेनॉलच्या रेणूत कार्बनचा एकच अणू असतो. इथेनॉलमध्ये दोन असतात आणि ते एकमेकांना घट्ट धरून असतात. ही जोडी फुटली तरच बाराच्या बारा इलेक्ट्रॉन पदरात पडतात.

१९८७ साली प्वातिएच्या याच गटाने इथेनॉलवर अवरक्त किरण टाकले आणि प्लॅटिनमवर पुन्हा कार्बन मोनॉक्साइड बसलेला दिसला. म्हणजे काही रेणूंची जोडी फुटत होती खरी. परंतु अशा प्रयोगांतून दुसरी गोष्टही स्पष्ट झाली. बहुतेक रेणू जोडी न फोडताच अर्ध्या वाटेवर थांबत होते. काही ॲसेटाल्डिहाइड होऊन निसटत आणि दोनच इलेक्ट्रॉन देत. काही ॲसेटिक आम्ल होऊन चार इलेक्ट्रॉन देत. ॲसेटिक आम्ल म्हणजे व्हिनेगरमधला आंबटपणा. थोडक्यात, विजेसाठी मांडलेल्या घटात मोठ्या प्रमाणावर व्हिनेगर तयार होत होते! आणि बारापैकी आठ इलेक्ट्रॉन त्या व्हिनेगरमध्येच अडकून राहत होते.

अ‍ॅमीटरने हे कधीच सांगितले नसते. शंभर इलेक्ट्रॉन आले, तर ते आठ-नऊ रेणू पूर्ण मोडून आले की पंचवीस रेणूंचे व्हिनेगर होऊन आले, हे त्याच्या काट्याला कळत नाही. २,३४३ चा स्वर आणि ॲसेटिक आम्लाचे स्वर यांची तुलना केली, तरच ते समजते.

२००९ साली अमेरिकेतील ब्रुकहेवन प्रयोगशाळेत रादोस्लाव आदझिक आणि सहकाऱ्यांनी प्लॅटिनम, ऱ्होडियम आणि कथिलाचे ऑक्साइड यांचा मिळून एक उत्प्रेरक तयार केला. प्लॅटिनम आणि ऱ्होडियम मिळून कार्बनची जोडी फोडतात आणि कथिलाचे ऑक्साइड ऑक्सिजन पुरवून वाट मोकळी ठेवते. साध्या तापमानाला जोडी फुटते, याची साक्ष त्यांनी काढली ती अवरक्त वर्णपटातील कार्बन डायऑक्साइडच्या सहीनेच.

तरीही काम संपलेले नाही. प्लॅटिनम आणि ऱ्होडियम हे फार महाग धातू आहेत. इथेनॉलचे सगळे बारा इलेक्ट्रॉन खात्रीने, दीर्घकाळ आणि स्वस्तात मिळवून देणारा उत्प्रेरक अजून हाती आलेला नाही. जगभर त्याचा शोध चालू आहे. कोल्हापूरलाही हे क्षेत्र परके नाही. येथील शिवाजी विद्यापीठात, भौतिकशास्त्र विभागात प्रा. सी. डी. लोखंडे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी द्रावणात बुडवलेल्या विद्युत्‌-अग्रांवर पदार्थांचे पातळ थर चढवण्याचे संशोधन अनेक वर्षे केले आहे. ज्या पृष्ठभागाची ही कथा आहे, त्याच पृष्ठभागावरचे हे काम. पदार्थांची ओळख पटवण्यासाठी अवरक्त वर्णपटमापकही विद्यापीठात आहे. मळी येथेच आहे, इथेनॉल येथेच आहे. त्याचे बारा इलेक्ट्रॉन कसे मिळवायचे, हा प्रश्न मात्र अजून मोकळा आहे, आणि तो सोडवणारे आज शाळेतही असू शकतील.

करून पाहा

१. कार्बनच्या नेहमीच्या अणूचे वजन १२ असते, पण निसर्गात १३ वजनाचे कार्बन अणूही थोडे आढळतात. कार्बन मोनॉक्साइडमध्ये १३ वजनाचा कार्बन घातला, तर २,१४३ चा स्वर चढेल की उतरेल? स्प्रिंग आणि गोट्यांचा दाखला आठवा. वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांनी आकडाही काढावा. दोन अणूंच्या वजनांचा गुणाकार भागिले त्यांची बेरीज, ही संख्या दोन्ही रेणूंसाठी काढा. कंपनसंख्या या संख्येच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असते. उत्तर २,०९५ च्या आसपास यायला हवे. एखाद्या रेणूतला कोणता कार्बन कोठे गेला, हे शास्त्रज्ञ याच युक्तीने शोधतात.

२. उन्हात काचेच्या लोलकाने पांढऱ्या कागदावर वर्णपट पाडा. कागद खोक्याच्या सावलीत ठेवा. तीन तापमापकांचे फुगे काळे करा. एक निळ्या पट्ट्यात, एक तांबड्यात आणि एक तांबड्याच्या जरा पलीकडे ठेवा. पाच-दहा मिनिटांनी नोंद घ्या. सूर्याकडे लोलकातून थेट पाहू नका. तांबड्यापलीकडचा तापमापक चढला, की हर्शेलने १८०० साली जे पाहिले ते तुम्हीही पाहिलेत असे समजा.